वीतभर माती, खाली चुनखडी

कोरपना, राजुरा, वणी, झरी जामणी या तालुक्यांतल्या बऱ्याच शेतजमिनी पैनगंगा खोऱ्यातल्या प्राचीन चुनखडकावर आहेत. सिमेंटचे कारखाने तिथे आले ते याच दगडामुळे. या पट्ट्यातून उथळ जमिनीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. दोन पत्रं लांबची आहेत, पण दगड तोच.

प्रश्न : माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१ आणि मुक्त चुना १२ टक्के आला. कृषी केंद्रवाले सांगतात, एकरी चार पोती जिप्सम टाका, नाहीतर गंधक टाका, चुना कमी होईल. टाकू का? (कोरपना, जि. चंद्रपूर)

चुना कमी करण्यासाठी टाकणार असाल तर नको. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. तुमच्या मातीत कॅल्शियम आधीच नको तेवढं आहे. जिप्सम उपयोगी पडतं ते चोपण जमिनीत, कारण तिथे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम कॅल्शियमने हटवायचं असतं. चोपण आहे की नाही हे मुक्त चुन्याच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी बघावी लागते. ती १५ च्या वर असेल तर जिप्सम द्यायचं. ढोबळ खूण म्हणून सामू बघा. निव्वळ चुन्यामुळे सामू ८.२ ते ८.४ च्या आसपास थांबतो, साडेआठच्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्यायचा. तुमचा ८.१ आहे, म्हणजे चोपणाचं लक्षण नाही.

गंधकाचा हिशेब कागदावर करून बघा. एक एकरातल्या वरच्या १५ सेंमी मातीचं वजन साधारण ८ लाख किलो भरतं. त्यात १२ टक्के म्हणजे ९६ टन चुना. एक किलो गंधकाचं मातीत आम्ल झालं की ते जेमतेम ३ किलो चुना संपवतं. म्हणजे एकरी ३० टन गंधक लागेल! आणि एवढं करूनही खालचा दगड आणि मातीतले खडे झिजून नवा चुना देतच राहणार. एकरी ८ ते १२ किलो गंधक तेलबियांना अन्नद्रव्य म्हणून जरूर द्या, दाण्यात फरक दिसतो. पण त्याने चुना संपेल ही आशा सोडा.

चुना जात नसला तरी त्याचा त्रास कमी करता येतो, आणि ते सगळं खत देण्याच्या पद्धतीत आहे. स्फुरद (फॉस्फरस) फेकून दिलं तर ते चुन्याशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. ते पेरणीबरोबर तिफणीने, बियाण्याच्या बाजूला आणि ४ ते ५ सेंमी खाली, ओळीत पडलं पाहिजे. युरिया या जमिनीत वर टाकून ठेवू नका, अमोनिया होऊन उडून जातो. अमोनियम सल्फेटचंही तेच, उलट चुन्याच्या जमिनीत ते अधिकच उडतं. ओल असताना द्या आणि लगेच डवरा फिरवून मातीआड करा. झिंक सल्फेट एकरी १० किलो, दर दोन-तीन वर्षांनी, डीएपीत मिसळून नव्हे तर वेगळं, शेणखतात कालवून.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या अहवालात मातीची खोली कुठेच लिहिलेली नाही. आमच्या मते या पट्ट्यात चुन्यापेक्षा खोलीनेच जास्त शेतकरी बुडतात. पुढचं उत्तर त्यासाठीच वाचा.

प्रश्न : माझं पाच एकर वावर आहे. कुठे वखर खोल जातो, कुठे लगेच दगडाला लागतो. पीक ठरवायचं तर जमीन कशी मोजावी? (वणी, जि. यवतमाळ)

तुमच्या वावरात जे दिसतं तो या दगडाचा स्वभावच आहे. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि चुनखडकाच्या भेगांमधून उतरताना ते भेगा विरघळवत रुंद करतं. त्यामुळे खालच्या खडकाचा माथा सपाट राहत नाही. एका जागी २० सेंमीवर दगड लागतो आणि तिथून तीन फुटांवर ७० सेंमीपर्यंत माती भरलेली असते. दोन खड्डे खणून अख्ख्या वावराचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

१२ मिमी जाडीची, चार फूट लांब लोखंडी सळई घ्या. टोक घासून निमुळतं करा आणि दर १० सेंमीला रंगाची खूण करा. दोन-तीन चांगले पाऊस पडून माती पूर्ण भिजली की मोजणीला लागा, कोरड्या मातीत सळई खोटं सांगते. वावरात उभ्या-आडव्या रेघा धरून दर २० पावलांवर सळई ठोका. सळई सुट्या गोट्यावर आदळली तर आवाज बद येतो आणि थोडं बाजूला ठोकल्यावर ती खाली जाते. मूळ खडकावर आदळली की ती खणकन उसळते. म्हणून प्रत्येक जागी हाताच्या अंतरावर तीनदा ठोका आणि तिन्ही आकडे कागदावर मांडा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर तीच तिथली खोली. एक खूप मोठा आणि दोन लहान आले तर तिथे भेगेतली माती आहे. हंगामी पिकासाठी लहान आकडा धरा, झाडासाठी मोठा. खात्रीसाठी दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून दगडांचं प्रमाणही बघून घ्या.

आता पाण्याचा हिशेब. चिकणमातीच्या जवळ जाणारी पोयट्याची माती पिकाला घेता येईल असं पाणी दर सेंटिमीटरला साधारण दीड मिलिमीटर धरते. मातीत दगड-खडे असतील तर तेवढा वाटा वजा करायचा. वीतभर, म्हणजे २२ सेंमी माती आणि त्यात ३० टक्के खडे असतील, तर साठा होतो २३ मिमी. पावसाने उघडीप दिली आणि पीक भरात असेल तर ते दिवसाला ४ ते ५ मिमी पाणी उचलतं. म्हणजे पाच दिवस. त्यातही शेवटचं पाणी पिकाला ओढून घ्यावं लागतं, त्यामुळे दुपारी माना टाकायला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरुवात होते. हाच हिशेब ४५ सेंमीला दहा दिवसांवर जातो आणि ६० सेंमीला चौदा दिवसांवर. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिमीच्या वर पडतो, तरी ऑगस्टमधल्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत सोयाबीन का जळतं, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. ते प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या पाठवून कळणार नाही.

यावरून पिकांची वाटणी अशी करा. २५ सेंमीच्या आतल्या जागी नांगर घालूच नका. तिथे गवत, स्टायलोसारखा चारा, फार तर भेगा बघून झाडं. २५ ते ४५ सेंमीला मूग, उडीद, ज्वारी आणि कमी दिवसांत येणारं सोयाबीन. तूर आणि पऱ्हाटी (कपाशी) ४५ च्या पुढे. पिकाची निवड करताना किती दिवसांत येतं हे उत्पादनाच्या आकड्याआधी विचारा.

पेरणी उताराला आडवी करा. पीक महिन्याचं झालं की डवऱ्याला दोरी गुंडाळून दर तीन-चार ओळींनंतर सरी पाडा. वावर उथळ असल्यामुळे एका मोठ्या पावसाचं सगळं पाणी मातीत मावणार नाही हे खरं, पण धावत जाणारं पाणी माती घेऊन जातं आणि इथे ज्या सेंटिमीटरवर पीक उभं आहे तोच वाहून जातो.

प्रश्न : सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं की वरची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकलं, फरक नाही. (राजुरा)

ही लोहाची कमतरता आहे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र म्हटलं असतं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असते आणि झाडं इकडे-तिकडे विखुरलेली असती तर पांढऱ्या माशीने पसरवलेला मोझॅक म्हटलं असतं. तुमच्याकडे शेंड्याची पानं आणि हिरव्या शिरा ही खूण स्पष्ट आहे.

मातीत लोह भरपूर आहे, पण चुन्यामुळे ते विरघळत नाही. हिराकस जमिनीत पडलं की काही दिवसांत त्याचाही गंज होतो, म्हणून फरक दिसला नाही. फवारणी करा. १५ लिटरच्या पंपाला आधी १५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड पाण्यात विरघळवा, मग ७५ ग्रॅम फेरस सल्फेट. क्रम उलटा करू नका. तुमच्या विहिरीचं पाणी चुन्याने जड असणार, त्यात हिराकस आधी टाकलं तर ते पंपातच बसतं. द्रावण फिकट हिरवं राहिलं पाहिजे. तांबूस झालं तर ओतून टाका. पाकिटातलं हिराकसच तपकिरी पडलेलं असेल तर ते दुकानदाराला परत करा. संध्याकाळी फवारा आणि ८-१० दिवसांनी पुन्हा. पहिल्या फवारणीनंतर नवी पानं हिरवी आली आणि जुनी तशीच राहिली, तर घाबरू नका, असंच व्हायला हवं.

चिलेट (लोहाला धरून विरघळतं ठेवणारं संयुग) घ्यायचं असेल तर नाव नीट वाचा. ईडीटीए चिलेट फवारणीला चालतं, पण चुन्याच्या जमिनीत दिलं तर कॅल्शियम त्यातलं लोह बाहेर ढकलून स्वतः जागा घेतो. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए. ते महाग आहे, सोयाबीनला परवडत नाही, फळझाडांना परवडतं.

झडीचा पाऊस चालू असताना हा पिवळेपणा वाढतो. माती हवेविना राहिली की बायकार्बोनेट साचतं आणि मुळांना लोह घेता येत नाही. वाफसा आला की डवरणी करा. किरकोळ पिवळेपणा असेल तर तेवढ्यानेच निघून जातो आणि फवारणीचे पैसे वाचतात.

प्रश्न : वावराच्या एका धुऱ्याकडे माती लालसर आहे. तिच्यावर अॅसिड टाकलं तरी फेस येत नाही. खाली तर चुनखडीच दिसते. असं कसं? (कोरपना)

बरोबरच आहे. कठीण चुनखडक विरघळून गेला की मागे राहतो तो त्यातला न विरघळणारा गाळ, म्हणजे चिकणमाती आणि लोह. हजारो वर्षं पावसाने धुतल्यावर त्या मातीत चुना उरत नाही, खाली खडक चुन्याचा असला तरी. अशा मातीचा सामू सातच्या आसपास असू शकतो आणि तिथे लोहाची कमतरताही सहसा दिसत नाही. तो तुकडा वेगळा काढून नमुना द्या, बाकीच्या वावरात मिसळू नका. आणि तिथे खोल नांगरट अजिबात करू नका, खालचा चुरा वर आला की चांगल्या मातीत आपणच चुना कालवल्यासारखं होईल. पिकाला त्रास देतो तो हा पिठासारखा बारीक चुना. मुठीएवढे गोटे त्या मानाने निरुपद्रवी.

अॅसिडच्या परीक्षेबद्दल एक सूचना. दगडावर फेस मंद आला तर तो डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुन्याचा दगड, असू शकतो. खरवडून भुकटी करा आणि भुकटीवर थेंब टाका, मग फेस दिसतो. हातमोजे घाला.

प्रश्न : संत्रा लावायचा विचार आहे. गावात एकाची बाग चार वर्षांत सुकली. माझ्याकडे दोन-अडीच फुटांवर दगड आहे. (झरी जामणी)

नका लावू. संत्र्याला मीटरभर मोकळी माती आणि दहा टक्क्यांच्या आत मुक्त चुना लागतो. तुमच्याकडे यातली पहिली अट जमत नाही. जंबेरीऐवजी रंगपूर लाइमच्या खुंटावर बांधलेली कलमं चुना जास्त सोसतात, हे खरं. पण खुंट बदलल्याने दगड खाली सरकत नाही.

बागा चौथ्या-पाचव्या वर्षी सुकण्याचं कारण बहुतेक वेळा खड्ड्यात सापडतं. अखंड फरशीत दोन-तीन फूट कोरून खड्डा केला की तो रांजणासारखा होतो. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात त्याच मुळांना बाहेर जायला वाट नसते. झाड लहान असेपर्यंत हे कळत नाही. म्हणून कोणतंही फळझाड लावण्याआधी खड्ड्यात फूटभर पाणी भरून बघा. २४ तासांत जिरलं तर खाली भेग आहे, तिथे लावा. नाही जिरलं तर तो खड्डा बुजवा आणि पाच फूट सरका. ओळ वाकडी झाली तरी चालेल.

तुमच्या जमिनीला सीताफळ योग्य आहे. खड्डा ६० सेंमी लांब, रुंद, खोल. ५ बाय ५ मीटरवर लावलं तर एकरी १६० झाडं बसतात. खड्ड्यातून निघालेला पांढरा चुरा परत भरू नका, सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. वरच्या थराची माती, २० किलो कुजलेलं शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट भरा. चुरा आणि दगड खालच्या अंगाला रचून अर्धचंद्राकृती बांध घाला. बोर आणि आवळाही चालतील. धुऱ्यावर साग लावायचा तर सागाला कॅल्शियम आवडतं, पण भेगा असलेल्या जागीच. अखंड फरशीवर तो खुरटतो.

प्रश्न : पऱ्हाटी किती अंतरावर लावावी? जमीन हलकी, दीड फूट. (वणी)

४ बाय २ फूट विसरा. हलक्या जमिनीत झाड पसरतच नाही, मधली जागा रिकामी राहते आणि उन्हात तापते. सघन लागवड करा. पीकेव्ही ०८१ सारखं बुटकं, सरळ वाण ६० बाय १० सेंमीवर, संकरित बीटी असेल तर ९० बाय १५ सेंमीवर. संकरितात वाढनियंत्रकाचा वापर पुरवठादाराच्या नव्हे, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने करा. झाडाला दहा-बारा बोंडं लागली तरी झाडांच्या संख्येमुळे भरपाई होते. महत्त्वाचा फायदा म्हणजे बोंडं एकदम आणि लवकर भरतात, ओल संपायच्या आत.

प्रश्न : शेततळं खोदलं, चार दिवसांत रिकामं. आता काय? (मुकुटबन परिसर)

चुनखडकात शेततळं अस्तराशिवाय टिकत नाही, कारण पाणी जातं ते पाझरून नव्हे तर भेगेतून. तळाला माती चोपून उपयोग नाही. भेगेतली माती पाण्याबरोबर आत ओढली जाते, भगदाड मोठं होतं आणि कधी कधी काठच खचतो. काठाला गोल भेगा दिसल्या तर जनावरं तिकडे सोडू नका.

अस्तर घालायचं तर ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचं. आधी तळ आणि बाजू धारदार दगड काढून साफ करा, उघड्या भेगांमध्ये दगड-काँक्रीट ठासून भरा, त्यावर १५ सेंमी बारीक माती पसरून दाबा, मगच कागद. भेग तशीच ठेवून कागद टाकला तर पाण्याच्या वजनाने कागद त्यात शिरून फाटतो. बाजूंना उतार दीडास एक.

दुसरा मार्ग म्हणजे जागा बदला. या भागात चुनखडकाच्या बरोबर शेलचे पट्टे आहेत. तो दगड पातळ पापुद्र्यांनी सुटतो, अॅसिडने फेस देत नाही आणि भिजल्यावर चिकट होतो. तळं त्याच्यावर असेल तर पाणी धरतं. तिसरा मार्ग, आहे ते तळं पुनर्भरणाला ठेवा, शेजारच्या विहिरीला फायदा होईल. फक्त त्यात गोठ्याचं किंवा फवारणी पंप धुतलेलं पाणी जाऊ देऊ नका. चुनखडकातून पाणी गाळलं जात नाही, जसंच्या तसं विहिरीत पोचतं.

याच कारणाने संडासाच्या शोषखड्ड्याबद्दलही सांगायला हवं, कारण तसं एक पत्र गडचांदूरहून आहे. विहिरीपासून पन्नास फुटांचं अंतर मातीच्या जमिनीसाठी ठीक असतं, भेगाळ चुनखडकाला ते पुरत नाही. खड्ड्याचा तळ बंद करा आणि भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा वेढा द्या. विहिरीच्या पाण्याची जीवाणू तपासणी पावसाळ्यात करून घ्या, उन्हाळ्यात नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे काळ्या मातीखाली शहाबादी फरशीचे थर आहेत. पोकलेनने फोडून घ्यावं का? (सेडम, जि. कलबुर्गी)

थर पातळ असतील आणि मधे मातीच्या रेघा असतील तर पहिला थर काढता येतो, पण हिशेब करा. ३० सेंमी मातीखालचा १५ सेंमीचा थर फोडला तर एकरी ६०० घनमीटर दगड निघतो. तो वेचून बाहेर नेला नाही तर तुम्ही माती खोल केली नाही, फक्त दगड मिसळला. एका तुकड्यात, दहा गुंठ्यांत, करून बघा. नाहीतर नांगराला लागणाऱ्या सुट्या फरश्याच काढून समतल बांध घाला. तुमच्याकडच्या तुरीचं नाव मोठं आहे, गुलबर्गा तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तूर तीन फुटी काळ्या रानात लावा, फरशीवरच्या रानात मूग आणि ज्वारी.

प्रश्न : ठिबकचे ड्रिपर पांढरे होऊन बंद पडतात. (राजुरा)

पाण्यातला बायकार्बोनेट चुना होऊन बसतो. बादलीत दहा लिटर पाणी घ्या, थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालत सामू ४ वर यायला किती मिलि लागतं ते सामू मोजायच्या कागदी पट्टीने बघा, त्या प्रमाणात व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढणाऱ्या नळीतून) सोडा. शेवटच्या ड्रिपरपाशी सामू ४ आला की संच बंद करा, रात्रभर ठेवा, सकाळी नळ्यांची टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त खत एकाच टाकीत सोडत असाल तर ते आधी थांबवा.

प्रश्न : आम्ही पश्चिम ऑस्टिनला राहतो. अंगणात अर्ध्या फुटावर पांढरा दगड. कढीपत्ता आणि मोगरा कायम पिवळा. (टेक्सास)

तुमच्या पायाखाली एडवर्ड्स पठाराचा चुनखडक आहे आणि नळाचं पाणीही चुन्याच्या प्रदेशातलं. कढीपत्ता जमिनीत लावू नका. १५ गॅलनच्या कुंडीत पाइन बार्क आणि पीट यांचं मिश्रण भरून लावा, अंगणातली माती त्यात घालू नका. पाणी शक्यतो छतावरून साठवलेलं पावसाचं. पिवळेपणा आला की ईडीडीएचए लोह, लेबलवरच्या मात्रेने, मातीत. कुंडी असल्यामुळे हिवाळ्यात गारठा आला की आतही घेता येईल. अंगणाच्या हिरवळीला खत टाकताना मात्र हात आखडता ठेवा. खत धुऊन नेणारं पाणी एडवर्ड्स जलधरात उतरतं, बार्टन स्प्रिंग्जचे झरे त्यावरच वाहतात, आणि तिथला सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर) १९९७ पासून संकटग्रस्त यादीत आहे.